टीजेच्या सीट्स 'आपल्या' पोरांच्या कधी झाल्या?

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाची बातमी आली रे आली की आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच रडगाणं सुरू होतं, हुशार पोरांवर अन्याय. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलवरून (इथे सगळे टीजेच म्हणतात) तर हे वर्षानुवर्षं चाललंय, प्रवेशाची पद्धत बदलली म्हणून काही पालकांनी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डावर केस केली, ती ऐकायलाच फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नकार दिला तरी संपत नाही. मी याच भागात राहतो म्हणून लिहितोय.

टीजे ही सायन्स-टेक्नॉलॉजीची सरकारी शाळा, पण तिथे घुसायला आठवीतच मारामारी. २०२० पर्यंत प्रवेश परीक्षा होती आणि नुसत्या अर्जाला १०० डॉलर. शनिवार-रविवारचे क्लासेस, काही घरांत तर सहावीपासूनच, आई गाडीत बसून राहणार आणि पोरगं आत गणितं सोडवणार, मग पार्टीत भेटलो की "तुमच्याने कुठला क्लास लावलाय?" हा पहिला प्रश्न, जेवलात का ते नंतर. २०२० मध्ये ४८६ मुलांना प्रवेश मिळाला, त्यात ७३ टक्के एशियन (आपण भारतीयही त्यातच), आणि कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी की आकडा छापलाच नाही, दहाच्या आत असला की छापत नाहीत.

मग परीक्षा आणि फी दोन्ही काढली. आता प्रत्येक मिडल स्कूलमधल्या (आठवीपर्यंतची शाळा) आठवीच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखीव, ३.५ जीपीए (सरासरी गुण) लागतो, अल्जेब्रा झालेलं पाहिजे, निबंध लिहावा लागतो, घरची परिस्थिती बेताची असेल किंवा मूल अजून इंग्रजी शिकत असेल तर त्याचाही विचार होतो. तपासणाऱ्याला मुलाचं नावही कळत नाही आणि वंशही नाही, फक्त नंबर. म्हणजे ज्याला आपले लोक कोटा कोटा म्हणून बोंबलतात तो वंशाचा नाहीच, झालाच तर शाळांचा आहे.

२०२१ मध्ये ५५० जणांना प्रवेश मिळाला, एशियन ५४ टक्क्यांवर आले, कृष्णवर्णीय ७ आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांची मुलं) ११ टक्के झाले. ग्रुपवर फिरतो तो एवढाच ५४ चा आकडा. अर्ज करणाऱ्यांत एशियन ४९ टक्क्यांच्याही खाली होते हे कुणी फॉरवर्ड करत नाही, म्हणजे अर्जाच्या मानाने अजूनही आपणच पुढे. अपील कोर्टाने २०२३ मध्ये बोर्डाच्या बाजूने निकाल दिला तेव्हाही हेच आकडे समोर होते.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. गरीब घरातली एशियन मुलं २०२० मध्ये किती निवडली गेली? एक. २०२१ मध्ये ५१. ही पण एशियनच ना, का आपली फक्त मोठ्या बंगल्यातली? ज्यांच्या आईबापांना क्लासची फी परवडत नाही, शनिवारी सोडायला-आणायला वेळ नाही, त्यांची पोरं आपल्या मोजणीतच नव्हती.

न्यूयॉर्कला हे जमलं नाही. तिथे स्टायव्हसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या शाळांचा प्रवेश एकाच परीक्षेवर, तसा राज्याचा कायदाच आहे १९७१ चा, महापौरांनी २०१८ मध्ये बदलायचा प्रयत्न केला तो विधिमंडळात अडकला. २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ जागांत कृष्णवर्णीय मुलं फक्त ७. तिथे मात्र परीक्षा देऊन आत जाणाऱ्यांत गरीब स्थलांतरितांची एशियन मुलंही भरपूर आहेत, त्यामुळे टीजेचं गणित तिथे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही.

टीजेतही सगळं आलबेल आहे असं नाही हो. कमी सोयीच्या शाळेतून आलेल्या मुलाला गणिताचा वेग झेपायला सुरुवातीला हात द्यावा लागणार, आणि तो नववीत नाही तर सातवीतच द्यायला हवा. चांगलं गणित शिकवणारे शिक्षक सगळ्या मिडल स्कूलना द्या म्हणून आपले पालक बोर्डाच्या मीटिंगला गेले असते तर मीही गेलो असतो, पण तिथे कुणी जात नाही, सगळे कोर्टात.

पुढच्या वेळी ही बातमी छापाल तेव्हा ५४ टक्क्यांच्या शेजारी ते ५१ पण छापा, एवढीच विनंती.

आपला एक वाचक,
उत्तर व्हर्जिनिया