ग्रंथपाल बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

गगनविहारी मेहतांवरचा माझा निबंध काल पुरा झाला. तो अडला होता तिथून तुम्ही त्याला बाहेर काढलंत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत तीन वेगवेगळे मेहता होते: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या देशी जहाज कंपनीची कलकत्ता कचेरी सांभाळणारे, दिल्लीतले प्रशासक आणि वॉशिंग्टनमधले राजदूत. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता. मधोमध १९५५चा ह्यूस्टन विमानतळावरचा प्रसंग. वर्णभेदापायी भारताच्या राजदूतांना उपाहारगृहात वेगळं बसायला सांगितलं गेलं आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी माफी मागितली. प्रसंग मोठाच आहे. पण वही वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि टॅरिफ बोर्ड?"

कोणत्या देशी उद्योगाला संरक्षण द्यायचं हे तपासणाऱ्या त्या सरकारी मंडळावर माझी जेमतेम एक ओळ होती. तुम्ही आतल्या कपाटातून बोर्डाचे जुने अहवाल काढून दिलेत. संरक्षण म्हणजे आयात मालावर जकात बसवून देशी कारखान्याला पाय रोवायला दिलेली मुदत, हे दुपारभर शेजारी बसून समजावलंत. तिथे धागा सापडला. सिंदिया १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मेहतांचे वडील लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकारातून उभी राहिली. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणलं. देशी धंद्याला आधार का लागतो हे तिथे पाहिलेला माणूस १९४७मध्ये बोर्डाचा अध्यक्ष झाला आणि आधार मागणाऱ्यांचेच खर्च तपासू लागला.

पुढे नियोजन आयोग, मग १९५२ ते १९५८ वॉशिंग्टन. अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं देऊ लागली, त्याला विरोध करायचा आणि त्याच अमेरिकेकडे धान्य-भांडवलाची बोलणीही करायची. असं काम हिशेब कळणाऱ्या माणसाकडे होतं, याचं मोल मला आता कळतं. ते गुजरातीत विनोदी लेखही लिहीत, हेही तुमच्याकडूनच समजलं.

परतल्यावर ते उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या आयसीआयसीआय या संस्थेचे अध्यक्ष झाले. तो भाग मी दोन परिच्छेदांत उरकला आहे, आणि तुमचा पुढचा प्रश्न त्यावरच असणार. सोमवारी अहवाल परत करायला येते. निबंधाची पहिली प्रत तुमच्यासाठी आणते.

आपली कृतज्ञ,
एक वाचक