लेखक एक, नावे दोन, कपाटे तीन

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आवडत्या लेखकाची सगळी पुस्तके ओळीने वाचायची असे बडोद्यातले मराठी वाचक हौसेने ठरवतात आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाशी अडतात. पुष्कळदा कारण एवढेच, की पुढचे पुस्तक हाती लागत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांचेच पाहा. कादंबऱ्या आणि नाटके खानोलकर या नावाने, कविता आरती प्रभू या नावाने. ग्रंथालयांत पुस्तके विषयवार क्रमांकांनी लावायच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, त्यापुढे कवितेला १, नाटकाला २, कथा-कादंबरीला ३. म्हणजे 'जोगवा' ८९१.४६१ला, 'एक शून्य बाजीराव' ८९१.४६२ला आणि 'कोंडुरा' ८९१.४६३ला. त्यात कवितांच्या कपाटात ते 'प्रभू' म्हणून लागलेले. वाचक 'ख' चाळतो आणि रिकाम्या हाताने परततो. यात ग्रंथपालांचा दोष नाही, पद्धतच तशी आहे. उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे: 'आरती प्रभू – पाहा: खानोलकर, चिं. त्र्यं.' असे एक सूचिपत्र आणि उलट दिशेचे दुसरे. संगणकावरची अडचण निराळी. आपल्याकडे मराठी पुस्तकाची नोंद कुठे देवनागरीत, कुठे गुजरातीत, तर कुठे रोमन लिपीत सापडते. 'चिं'वरचा अनुस्वार राहिला किंवा आद्याक्षरांमधले टिंब हलले तरी शोध कोरा येतो. म्हणून आधी नुसत्या आडनावाने शोधावे, नाहीच मिळाले तर पुस्तकाच्या नावातल्या एखाद्या ठळक शब्दाने.

वाचायला बसण्याआधी सालवार यादी करावी. साल घ्यायचे ते शीर्षकपानाच्या मागच्या पानावरून, आणि तेही पहिल्या आवृत्तीचे. पुनर्मुद्रणाचे साल धरले की सगळा क्रम उलटापालटा होतो. निवडक संग्रह यादीतून बाजूला काढावेत. जी. ए. कुलकर्णींचे संग्रह एकेक करून वाचणाऱ्याने 'डोहकाळिमा' विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी, कारण त्यात आधीच्या संग्रहांतल्या निवडलेल्या कथा आहेत. लेखकाच्या निधनानंतर निघालेल्या पुस्तकांत बरेचदा विखुरलेले जुने लेखन असते. ते अखेरचे समजून वाचू नये. रूपांतरेही वेगळी नोंदवावीत. 'अजब न्याय वर्तुळाचा' या नाटकाचे कथानक जर्मन नाटककार ब्रेख्तचे आहे, त्यावरून खानोलकरांच्या कल्पनेचा अंदाज बांधणे चुकीचे.

क्रम सालाचा ठेवावा, पण साहित्यप्रकार मिसळून, असे माझे ठाम मत आहे. 'दिवेलागण' हा कवितासंग्रह आणि 'रात्र काळी, घागर काळी' ही कादंबरी, दोन्ही १९६२ची. ती शेजारी ठेवूनच वाचावीत. आरती प्रभू अनेकांना 'ये रे घना' या गाण्यापुरते माहीत असतात. त्या कवितेत मन 'नको नको' म्हणत असतानाच ओढले जाते. त्यानंतर 'कोंडुरा' हातात घेतली, की वरदान लाभलेले परशुरामतात्या त्या वरदानाच्याच ओझ्याखाली कसे येतात हे वाचताना तीच ओढ, तेच भय ओळखू येते. दोन कपाटांतली पुस्तके एकाच माणसाची आहेत हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळते, आणि सगळे वाचण्याचा खटाटोप करायचा तो याचसाठी!

मात्र एकाच लेखकाच्या कादंबऱ्या दोनापेक्षा जास्त लागोपाठ वाचू नयेत. त्याच्या लकबी आधीच दिसू लागतात आणि चांगले पुस्तकही फिके वाटते. मध्ये दुसऱ्या कुणाचे तरी घ्यावे. कविता दिवसाला चार-पाच पुरेत. कथा पटकन एकमेकींत मिसळतात, तेव्हा प्रत्येकीपुढे वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कुठे घडते, आणि आधी वाचलेले काय पुन्हा आले.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून इथे ग्रंथालयांची घडी बसवली. त्याच बडोद्यातल्या ग्रंथालयांना आणि मराठी मंडळांना विनंती, की दर महिन्याला एका लेखकाची सालवार यादी, कपाट क्रमांकासह, दाराशी लावावी. संग्रहात नसलेल्या पुस्तकांपुढे तसे स्पष्ट लिहावे. ज्यांच्या घरी त्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, ते एक आणून देतील.

– एक मराठी वाचक, वडोदरा