गाडीबद्दल नीट सांगायचं राहिलं होतं

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर लांब फिरायला मोटारसायकल घेतल्याचं सांगितलं आणि पलीकडे एकदम शांतता. बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, आणि आई, तू आधी गाडीचा विषयच न काढता तब्येत विचारलीस. तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले तरी असते. त्या "बरं"नंतर मला रात्रभर झोप लागली नाही म्हणून आता सगळं लिहूनच काढते, फोनवर मला नीट सांगता येत नाही.

बाबा, मला माहितीये तुम्हाला काय आठवलं असेल ते. मी सहा-सात वर्षांची होते, स्कूटरवर तुमच्या पुढे उभी, रस्ता ओला, समोर कुणीतरी आडवं आलं, तुम्ही ब्रेक दाबला आणि स्कूटर खालून निघूनच गेली. मला काहीच लागलं नाही कारण तुम्ही मला एका हाताने वर धरलं होतं, तुमचं कोपर मात्र सोलून निघालं. तो व्रण अजून आहे. त्यानंतर पावसात तुम्ही मला कधी पुढे उभं केलं नाहीत. मी ते विसरलेले नाही, उलट ही गाडी निवडताना सगळ्यात जास्त वेळा तोच प्रसंग डोळ्यासमोर येत होता.

म्हणून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, नसलेली गाडी मी बघितलीच नाही. तेव्हा झालं काय होतं तर चाक फिरायचं थांबलं होतं. चाक फिरत असतं तोवर टायर रस्ता धरून असतो आणि हँडल ऐकतं, चाक जाम झालं की दुचाकी घसरणारच, आणि पुढचं जाम झालं तर सावरायला क्षणभरही मिळत नाही. एबीएसचा सेन्सर चाकाचा वेग सतत मोजत असतो, चाक जाम व्हायला लागलं की एबीएस ब्रेकचा दाब सोडतं, परत देतं, हे एका सेकंदात कितीतरी वेळा. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूने त्यांच्या के100 मोटारसायकलवर हे पहिल्यांदा दिलं, म्हणजे काही नवीन खूळ नाहीये. घेतल्यावर मोकळ्या मैदानात, ओल्या जमिनीवर, आधी अगदी हळू आणि मग थोडा वेग वाढवून मी मुद्दाम ब्रेक गच्च दाबून बघितलाय. लिव्हर बोटांखाली थरथरतो आणि गाडी सरळ थांबते. पहिल्यांदा ती थरथर जाणवली तेव्हा मला खरंच तुमची आठवण आली.

आता गाडी कुठली. आठ महिने बघत होते मी. आधी जीव जडला होता एका उंच अॅडव्हेंचर गाडीवर, म्हणजे खडबडीत रस्त्यांवरही चालेल अशा गाडीवर, सीटची उंची 870 मिलिमीटर, दिसायला अशी की बघत राहावं. पण बसल्यावर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. दुकानातला माणूस म्हणाला सवय होते, आणि तो सगळं माझ्यासोबत आलेल्या मित्राला समजावत होता, गाडी मी घेणार असं दोनदा सांगूनही. मी निघून आले. सवय होत असेलही, पण चालत्या गाडीला उंचीचा त्रास नसतो, त्रास होतो थांबताना, उतारावर वळवताना, पायाखाली खड्डा आला की. आणि तेव्हा गाडीवर सामान असणार, मी दमलेली असणार.

शेवटी घेतली ती 650 सीसीची, दोन सिलिंडरची, सीट 800 मिलिमीटर, दोन्ही पाय पूर्ण टेकतात. लोक इंजिनाची ताकद आधी विचारतात, मी वजन आधी विचारलं, आणि तेही टाकी भरलेली असतानाचं, कारण कागदावर कधीकधी कोरडं वजन छापतात आणि 20 लिटर पेट्रोलचंच साधारण 15 किलो होतं. माझी भरलेल्या टाकीसकट 215 किलो आहे. एका टाकीत चारशेच्या वर किलोमीटर जाते, पण तेवढं एका दमात मी जाणार नाही, दीड तासाने उतरायचंच हा नियम केलाय. थकवा पायात नाही आधी डोक्यात येतो, आणि तो आल्याचं आपल्याला कळत नाही.

टूरिंगची, लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे प्रचंड मोठी, काचबिच लावलेली, असं तुमच्या डोक्यात असेल ना, माझ्याही होतं. पण होंडाची गोल्ड विंग, जिचं नाव लांब पल्ल्याच्या गाड्यांत सगळ्यात आधी घेतात, ती 1975 मध्ये आली तेव्हा तिला ना पुढे काच होती ना सामानाचे बॉक्स. लोकांनी स्वतः बाहेरून आणून बसवले, आणि कंपनीने ते सगळं कारखान्यातूनच लावलेली गाडी काढली 1980 मध्ये. मला हे वाचून फार बरं वाटलं. गाडी साधीच घ्यायची आणि फिरता फिरता जे लागेल ते लावायचं. मी आत्तापर्यंत दोनच गोष्टी लावल्यात, थोडी उंच काच, कारण दिवसभर छातीवर वारा घेतला की मानेचे हाल होतात, आणि मेन स्टँड, म्हणजे चेनला तेल देताना मागचं चाक मोकळं फिरवता येतं.

एक गोष्ट लपवणार नाही. गाडी एकदा पडली. चालू नव्हती, थांबलेली होती. खडी होती, उजवा पाय टेकवला आणि तो सरकला, आणि 215 किलो एकदा ठरावीक कोनाच्या पलीकडे कललं की कुणाच्या बापाला थांबत नाही (बाबा, सॉरी). मला काहीही झालं नाही, मी बाजूला झाले, आरसा फुटला आणि ब्रेकचा लिव्हर वाकला. आजूबाजूला कुणी नव्हतं. आधी किल्ली बंद केली, गाडी गिअरमध्ये घातली म्हणजे घरंगळत नाही, साईड स्टँड आधीच उघडून ठेवला, नाहीतर उचलल्यावर पलीकडे कलंडते. मग हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ करून खाली बसले, कंबर सीटला टेकवली, एका हातात खालची मूठ, एका हातात मागचा दांडा, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर एक एक पाऊल मागे. दुसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. हे मी घ्यायच्या आधी शिकून घेतलं होतं, आणि जी गाडी एकटीला उचलता येणार नाही ती घ्यायची नाही असंही ठरवलं होतं. हात तासभर कापत होते ते खरं.

सकाळी निघायच्या आधी दहा मिनिटं तिच्याभोवती फिरते. टायर थंड असताना हवा बघते, गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसतो आणि फसायला होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, माझ्या टायरवर 2324 आहे, म्हणजे 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चेन खालून बोटाने वर-खाली करून ढील बघते, फार ताठ असली तरी वाईट आणि फार सैल असली तरी वाईट. ब्रेक, लाईट, हॉर्न, सामानाचे पट्टे. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून दिसायला ठीक असलं तरी दोन वर्षांनी बदलायचं, त्याची तारीख मी डायरीत लिहिलीये. बाबा, तुम्ही रविवारी स्कूटरचा प्लग काढून घासायचात आणि मी शेजारी उकिडवी बसून बघायचे ना, ही सवय तिथूनच आलीये.

अंगावर काय घालते तेही सांगते. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, ईसीई 22.06 या सुरक्षा मानकाचं. जॅकेटात खांदा, कोपर आणि पाठीला पॅड आहेत, पाठीचं लेव्हल 2 चं, म्हणजे चाचणीत ठरावीक आघात केला तर पलीकडे सरासरी 9 किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर पोचता कामा नये, लेव्हल 1 ला हाच आकडा 18 आहे. कोपराचं पॅड मी दुकानात सगळ्यात आधी दाबून बघितलं. कानात इअरप्लग घालते, हेल्मेटात वाऱ्याचा आवाज इतका असतो की संध्याकाळपर्यंत कान वाजायला लागतात. म्हणून चालवताना फोन घेणार नाही. फोन लागला नाही तर जीव टांगणीला लावू नका, दीड तासात मी थांबणारच आणि थांबले की आधी तुम्हाला मेसेज. अंधार पडल्यावर चालवणार नाही हे मी तुम्हाला सांगायच्या आधीच स्वतःसाठी ठरवलेलं आहे.

आई, आता तुझ्याशी. फोन ठेवताना तू हळूच विचारलंस, "मागे बसता येतं का गं तिच्यावर?" बाबांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. येतं. मी घ्यायच्या आधी मागच्या सीटवर स्वतः बसून बघितलंय, तुझ्या गुडघ्यांसाठी. काही गाड्यांना मागचे पायठेवे इतके वर असतात की गुडघे छातीशी येतात, त्यातल्या दोन गाड्या मी त्याच कारणाने सोडल्या. हिचे खाली आहेत. सीट रुंद आहे, पाठीला टेकायला मागचा बॉक्स येईल, आणि मागे माणूस बसलं की मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवावा लागतो, ते एका नॉबवर होतं. पहिल्यांदा अर्ध्या तासाचंच जाऊ, सकाळी, रस्ता रिकामा असताना. वळणावर गाडी कलली की तू उलट बाजूला कलायचं नाही, नुसतं माझ्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून बघायचं, बाकी मी बघते.

तर तुझी शिवणाची टेप काढ. कपाळावरून, भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग घेऊन पूर्ण गोल फिरव. केस घट्ट बांधून नको, जसे नेहमी असतात तसे. दोनदा मोज आणि सेंटिमीटर मला कळव, हेल्मेट ढगळ झालं तर त्याचा उपयोग नाही. आणि टेप हातात आहे तोवर बाबांचंही डोकं मोजून ठेव, ते नाही म्हणतील, तरी मोज.

तुमची,
बाळी