फोनवर नको म्हणून

वाक्वा, मॉरिशस, 3 नोव्हेंबर 2024
भाऊबीज

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या रेडिओवरच्या बातम्यांचं बोलता बोलता तू फोन ठेवलास तो रागानेच, एवढं कळतं मला. "आई, हे फोनवर नको" म्हणालीस ते खरं की बोलणं तोडायला, ते नाही कळलं. पण लोकांची चोरून रेकॉर्ड केलेली बोलणी नेटवर टाकणाऱ्या त्या मिस्ये मुस्तासचं ऐकल्यापासून मलाही फोनवर बोलताना कुणीतरी पलीकडे वही घेऊन बसलंय असं वाटतं, म्हणून कागद काढला. मराठीतून लिहिते आहे. वाचायचंच असेल कुणाला तर आधी आमच्या मंडळात येऊन माणूस शोधावा लागेल, आणि मग दुपारपर्यंत सगळ्या वाक्वाला कळेल कोण वाचायला आलं होतं ते.

चकल्या यंदा कडक झाल्यात. करंज्या चांगल्या आहेत, त्या आधी संपव.

शुक्रवारी सकाळी फेसबुक उघडेना तेव्हा बाबांना वाटलं पैसे भरायचे राहिले. मग शेजारच्या पोराने येऊन सांगितलं की सगळ्यांचंच बंद आहे, सरकारचा हुकूम आहे, 11 तारखेपर्यंत. मतदान 10 ला, म्हणजे हिशोब सरळ. त्या पोराने बाबांच्या फोनवर व्हीपीएन घालून दिलं आणि हा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ दिवसभर "मी आता नॉर्वेत आहे" म्हणून घरात हिंडत होता. दुसऱ्या दिवशी हुकूम मागे घेतला म्हणून सगळे खूश. मी नाही झाले. एका दिवसात मागे घेता येतो याचा अर्थ एका रात्रीत काढताही येतो. आणि मागे घेतला तो 2 नोव्हेंबरला! अप्रवासी घाटावर भाषणं व्हायची त्या दिवशी, आपले पूर्वज मजूर म्हणून बोटीतून तिथे उतरले, सोळा पायऱ्या चढून आले वगैरे.

तू घरी एकटी झोपतेस का ग? ती मैत्रीण अजून राहते ना तुझ्याबरोबर? हे विचारणार नव्हते, पण विचारलं.

ही बोलणी रेडिओवर यायलाच हवीत हे तुझं म्हणणं मला पटतं, पहिल्यांदा तेच लिहायला हवं होतं. पुढारी, वकील, पत्रकार, अगदी परदेशी वकिलातीतली माणसं, सगळ्यांची बोलणी रेकॉर्ड होऊन बाहेर येतात. सरकार म्हणतं आवाज बनावट आहेत, एआयने केलेत. आणि ज्यांचे आवाज आहेत त्यांतले काही जण उघड सांगतात की हो, हे आमचंच बोलणं. मग रेडिओने गप्प बसायचं कसं? शवविच्छेदनाचा अहवाल बदलण्याबद्दलचं ते बोलणं मी पूर्ण ऐकू शकले नाही. मला तो गायक काया आठवला. 99 च्या फेब्रुवारीत लाइन बॅरॅक्सच्या पोलीस कोठडीत तो मेलेला सापडला, आणि पुढचे काही दिवस सगळ्या बेटावर जाळपोळ. तू चार वर्षांची होतीस. बाबा पोर्ट लुईसला अडकलेले, आजी तुला मांडीवर घेऊन खिडक्या लावून बसलेली, आणि तू मात्र त्याचंच गाणं म्हणत होतीस, कारण महिनाभर रेडिओवर तेच लागायचं. आजीने तुझ्या तोंडावर हात ठेवला. तिला राग नव्हता आला. भीती वाटली होती.

बघ, मी पण तेच करते आहे.

तू म्हणतेस, हा भारत नाही आणि हे 75 साल नाही. आफ्रिकेतली एकमेव पूर्ण लोकशाही म्हणून आपलं नाव जगातल्या लोकशाह्यांच्या त्या यादीत येतं, घटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं बारावं कलम आहे, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागता येते. सगळं खरं. पण आधी पकडायचं, प्रोव्हिजनल चार्ज, म्हणजे तात्पुरता आरोप, लावायचा आणि तपास मग सावकाश करायचा, हे पण इथलंच ना? लंडनचा निकाल यायचा तेव्हा येईल, शुक्रवारची रात्र कोठडीत काढायची ती तुलाच. तुमच्या रेडिओंचं लायसन्स 21 सालच्या कायद्याने तीन वर्षांचं एक वर्षावर आणलं. दरवर्षी ज्याच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं त्याच्याबद्दल बातमी द्यायची, म्हणजे मालकाची छाती केवढी असायला हवी! तुमच्या मालकाची आहे असं तू म्हणतेस. असेल. मी त्यांना मंडळाच्या गणपतीत एकदाच पाहिलंय, मोदकाला नाही म्हणाले.

खरं सांगू का, मला देशाच्या कायद्यांची भीती कमी वाटते. भीती वाटते ती देशाच्या आकाराची. साडेबारा लाख माणसं. इथे कोण कुणाचा कोण हे दोन वाक्यांत निघतं. काकांना ऑफिसात कुणीतरी हळूच विचारलं, "ती रेडिओवरची तुमचीच का हो?" बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. पण काकांची बढती मार्चपासून अडकली आहे आणि आता काकू माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलते. तू म्हणशील यात सरकारचा काय संबंध. नसेलही. पण संबंध नसतानाही सगळे आपापलं तोंड आवरायला लागतात, त्यासाठी कुणाला हुकूम काढावा लागत नाही.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, तुला मी नीट कधी सांगितलंच नाही. तू विचारलंस की "होते तुरुंगात" म्हणून विषय बदलायची. 75 च्या डिसेंबरात ते कराडच्या साहित्य संमेलनाला गेले. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, आणीबाणी चालू, समोर यशवंतराव, आणि बाई लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या, जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना उभं राहायला लावलं. आप्पा घरी आले ते वेगळेच होऊन. छापायला तर सेन्सॉर. मग शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्री पत्रकं काढली. जानेवारीत पहाटे दार वाजलं. मी सातवीत होते.

आलेला हवालदार ओळखीचा. त्याचा मुलगा आप्पांच्या वर्गात. आईने त्याला चहा दिला, आणि त्याने तो घेतला, बशीत ओतून, फुंकर घालून. आप्पांची एक वहाण सापडेना तर तोच वाकून बाकाखाली शोधायला लागला. "मास्तर, सावकाश, घाई नाही," म्हणाला. आणि घेऊन गेला. येरवड्याहून आप्पा 77 च्या सुरुवातीला परत आले. पुढे त्या मुलाला आप्पांनीच गणित शिकवून मॅट्रिक केलं, हे आपल्याकडे सगळे कौतुकाने सांगतात. मी कधी सांगत नाही. मला तो चहा आठवतो. ओळख असली की माणूस वाचतो असं आई समजत होती. ओळख असली की फक्त चप्पल शोधून देतात.

म्हणून इथे कुणी म्हणालं की "अहो, इथे सगळे आपलेच" तर माझ्या पोटात गोळा येतो. तुझ्याकडे आले तर तेही कुणीतरी आपलेच असतील. हेन्रिएट्टा गावचा कुणीतरी, बाबांना वाकून नमस्कार करणारा.

गंमत म्हणजे इथेही असं होऊन गेलंय हे तुझ्या इथल्या आजोबांनी आप्पांना पत्रातून लिहिलं होतं, आमचं लग्न ठरत असताना. म्हणजे मुलगी लांब जाणार, देश कसा आहे ते तरी सांगा, असं आप्पांनी विचारलं होतं. आजोबांनी लपवलं नाही. 71 च्या डिसेंबरात इथेही आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, 72 ची निवडणूक 76 पर्यंत लांबवली. मग 84 साली वर्तमानपत्रांकडून लाखो रुपयांची हमी मागणारा कायदा आला, त्याविरुद्ध पत्रकार रस्त्यावर बसले आणि 44 जणांना धरून नेलं. एवढं सगळं लिहून खाली त्यांनी लिहिलं, "तरीही निवडणुका होतात आणि सरकारं पडतात. मुलगी खुशाल पाठवा." आप्पा ते पत्र दोनदा वाचून हसले आणि म्हणाले, हे घर चालेल. हुंड्याचं, सोन्याचं कुणी विचारलं नाही. असल्या घरात तू जन्मलीस, आता तुला कुठल्या तोंडाने रजा घे म्हणू?

पण म्हणते. 11 पर्यंत रजा मिळते का बघ. मिळणार नाही, माहीत आहे. तू घेणार नाहीस, तेही माहीत आहे.

बरं, मग एवढं तरी कर. वकिलाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेव, फोनमध्ये नको, फोन पहिला काढून घेतात. बातमी देणाऱ्यांची नावं कुठेच लिहू नकोस, न्यायाधीशाकडून हुकूम आणून तीही मागता येतात आता, हे तूच मला सांगितलंस. पहाटे दार वाजलं तर आधी साखळी न काढता नाव विचार, मग मैत्रिणीला उठव, मग बाबांना फोन. कुणी ऐकत असेल तर ऐकू दे. आणि आलेला ओळखीचा निघाला तर… जाऊ दे. लेक्चर झालं. तीस वर्षांची बाई आहेस तू, मलाच विसर पडतो.

मंगळवारी तुझा आवाज ऐकला. त्या मंत्र्याला तू तोच प्रश्न तीनदा विचारलास, तिसऱ्यांदा तर अगदी गोड आवाजात. बाबांनी टेबलावर हात आपटला, वरण सांडलं. आजी म्हणाली, "कोणाची पोर ही, एवढी उद्धट?" मी म्हटलं, तुमचीच. तिने रेडिओचा आवाज वाढवला.

दादाचा फोन येईल आज, ओवाळणी पाठवली म्हणत होता. त्याला यातलं काही सांगू नकोस, तो तिथून उगाच तिकीट काढेल. 10 ला आधी मत दे, मग ड्यूटीला जा, गेल्या वेळी रांगेत उशीर झाला होता. डबा परत पाठव, झाकण त्याचंच लाव.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, मोजणीच्या रात्री तू बोलणार आहेस का, म्हणजे ते जागे राहतील. मी तशीही जागीच असेन.