बाबांचा फोटो काढणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवरही आभार मानता आले असते. पण कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांचे फोटो काढायला इकडे बरेच जण येतात. त्यांनीही वाचावं, म्हणून हे उघडं पत्र.

बाबांचे आधीचे फोटो म्हणजे केसपेपरला लावलेले. वाकडी बोटं, तळपायाची जखम. एकात चेहरा आहे, पण डोळ्यांवर काळी पट्टी, चोराच्या फोटोवर असते तशी. बहुऔषधी उपचार पूर्ण होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता.

तुम्ही कॅमेरा काढण्याआधी विचारलंत, "काका, उजेडाचा त्रास होतो का?" या आजारात चेहऱ्याची नस गेली की पापणी पुरती मिटत नाही, डोळा कोरडा पडतो. त्यात नागपूरचं ऊन! बाबा दिवसभर काळा चष्मा लावतात. गल्लीतल्या पोरांना ती ऐट वाटते. तुम्ही फ्लॅश पिशवीतच ठेवलात, ऊन उतरेपर्यंत चहा पीत बसलात. मग चष्मा त्यांनी आपणहून काढला.

"चपला दिसू नयेत," एवढंच ते म्हणाले. बधिर पायांसाठीच्या त्या एमसीआर नावाच्या रबराच्या मऊ चपला, बघणारा त्यांवरूनच ओळखतो. तुम्ही हुज्जत घातली नाहीत. हात मात्र त्यांनी स्वतःच गुडघ्यावर ठेवले. ते तुम्ही लपवले नाहीत, की त्यांच्यावरच कॅमेरा रोखला नाहीत.

प्रदर्शन, वर्तमानपत्र, इंटरनेट: तिन्हींची परवानगी वेगवेगळी विचारलीत. बाबांनी फक्त प्रदर्शनाला हो म्हटलं, तेही नागपूरबाहेरच्या. धाकटीच्या लग्नाचं बघून राहिलोय ना आम्ही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम काढलं, आणि हा आजार घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून गेला 2019 मध्ये! सोयरिकीच्या बैठकीतून तो कधी जाईल, कोण जाणे. तुम्ही नकाराचं कारण विचारलं नाहीत. म्हणूनच या पत्रात कुणाचंच नाव नाही, तुमचंही नाही.

पहिली प्रत तुम्ही बाबांच्या हातात दिलीत. "चांगलाच दिसून राहिलो की बे मी!" म्हणाले.

आता त्यांचं एक काम आहे. ज्येष्ठ नागरिक कार्डासाठी याच फोटोच्या पासपोर्ट आकाराच्या प्रती मिळतील का? मागची भिंत कोरी आहे, चालेल म्हणतात. पैसे घ्यावे लागतील, हेही सांगायला लावलंय.

तुमची,
काकांची थोरली