लेक सासरी गेली, आजाराची नोंद तुटली

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

माझी आत्या अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा मी कॉलेजात होते. पुढं चुलत बहिणीच्या स्तनात गाठ निघाली, वय ३८. आत्या गडहिंग्लजला दिलेली, बहीण इचलकरंजीला. केसपेपरवर आडनावं वेगळी, गावं वेगळी. 'आईला होता का?' एवढंच बहिणीला विचारलं गेलं. तिनं नाही म्हटलं आणि विषय संपला. असा कॅन्सर आणणारा आनुवंशिक दोष बापाकडूनही येतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुंबईत त्या चुलत बहिणीची तपासणी झाल्यावर बीआरसीए-१ जनुकातला बदल सापडला. या जनुकात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मग आम्ही सख्ख्या बहिणींनीही रक्त दिलं. माझ्यात तो बदल नाही, धाकटीत आहे. तिचं दरवर्षी एमआरआय होतं.

साहेब, या जनुकाचा माग लागला तोच घराण्यांच्या अभ्यासातून. १९९० साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांची माहिती घेतली, आजाराबरोबर कोणती जनुकीय खूण पिढ्यान्पिढ्या चालत येते ते तपासलं आणि सतराव्या गुणसूत्रापर्यंत पोचल्या. आपल्याकडं हेळवी दारात येऊन पिढ्या वाचून दाखवतो. त्याच्या वहीत पणजोबा सापडतात, आत्याचा आजार सापडत नाही.

स्तनाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांत आनुवंशिक साधारण ५ ते १० असतात, म्हणून सरसकट चाचणी मी मागत नाही. पण बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता १०० त सुमारे ७० आहे, आणि तो दोष प्रत्येक मुला-मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. एका रुग्णात तो सापडला की तिच्या भावंडांना, मुलांना शोधून बोलवायलाच हवं.

तेव्हा केसपेपरवर माहेर-सासर, आईकडचे-वडिलांकडचे अशा तीन पिढ्या लिहून घ्या. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस तरी आनुवंशिक समुपदेशन ठेवा, गरजूंची चाचणी मोफत करा. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडं आहे, हे मला माहीत आहे. पण आपण राधानगरीचे, ते मंत्री कागलचे. दोघं एकदा एकत्र बसलात तर हे अवघड नाही.

आणि निकाल गुप्त राहील, याची लेखी हमी द्या. माझ्या धाकट्या बहिणीनं तिचा अहवाल सासरी अजून दाखवलेला नाही.

आपली,
कोल्हापूरची एक नागरिक