घरसामान म्हणून कागद करू म्हणणाऱ्या मूव्हर्सपासून सांभाळा

संपादक साहेब, नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटला माझा छोटा ऑफसेट प्रेस होता, भाडं परवडेना म्हणून पुण्याला नऱ्ह्यात गाळा घेतला आणि सामान हलवायला नेटवर बघून एक पॅकर्स अँड मूव्हर्सवाला ठरवला. बाकी दोघांनी 55-58 हजार सांगितलेले, हा 32 मध्ये तयार झाला. तिथंच खरं तर थांबायला हवं होतं, कारण हा माणूस गाळा बघायलासुद्धा आला नाही, कटिंग मशीनचं वजन किती, उचलायला हायड्रा क्रेन लागेल का, काही विचारलं नाही, व्हॉट्सॲपवर चार फोटो मागितले आणि 15 हजार ॲडव्हान्स घेतला.

लोडिंगच्या दिवशी म्हणाला साहेब ई-वे बिलच्या भानगडीत कशाला पडता, घरसामान म्हणून कागद करू. राज्यातल्या राज्यात 1 लाखाच्या वर माल असला तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, वापरलेल्या घरसामानाला ते माफ आहे, हे त्याला बरोबर माहीत होतं. मी घाईत हो म्हटलं, ही माझी चूक. संध्याकाळी फोन आला की गाडी कळंबोलीला उभी आहे, माल जास्त भरला, अजून 45 हजार टाका नाहीतर गाडी हलणार नाही. पोलिसात जातो म्हटलं तर म्हणाला जा ना, कागदावर घरसामान आहे, आत मशीन आहे, आधी तुमच्यावरच दंड बसेल.

त्या गाडीत एका गिऱ्हाईकाच्या लग्नपत्रिका होत्या, 400 छापून, घडी घालून, खोक्यात बांधलेल्या, लग्न अकरा दिवसांवर. घरातलं कपाट दोन दिवस उशिरा आलं तर माणूस जमिनीवर झोपतो, पण धंद्यात एकेक दिवस म्हणजे गिऱ्हाईक जाणं, आणि हे लोक नेमकं तेच ओळखून दाबतात. मी पैसे भरले. गाडी तिसऱ्या दिवशी आली, खोकी भिजलेली, आणि ज्यात सगळ्या गिऱ्हाइकांच्या डिझाईन होत्या तो कॉम्प्युटर गायब.

नंतर वकिलाकडे बसलो तेव्हा एकेक कळत गेलं, ते सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र. ट्रान्सपोर्टवाल्याला 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, तो नंबर आधीच मागा. जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता, नंबर चालू आहे की रद्द, सगळं फुकट दिसतं. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो, माझ्यावाल्याने ऑफिस ठाण्याचं सांगितलं आणि नंबर दुसऱ्याच राज्याचा निघाला, दोन मिनिटं काढली असती तर तेव्हाच दिसलं असतं. ॲडव्हान्ससुद्धा कोणाच्या पर्सनल नंबरवर यूपीआय करू नका, फर्मच्या खात्यावरच टाका.

सगळ्यात महत्त्वाची बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. त्यावर गाडी नंबर, नगांची यादी आणि मालाची किंमत लिहून घ्या, आणि जास्त जोखमीचा वेगळा दर कबूल करून तसं लिहून घ्या, कारण तो ठरला नसेल तर माल गेला तरी ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारण भाड्याच्या 10 पटीपर्यंतच राहते. म्हणजे 32 हजार भाडं असेल तर 3 लाख 20 हजार, मग मशीन 12 लाखांचं का असेना. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते, त्यानंतर दावाच करता येत नाही. इन्शुरन्सच्या नावाखाली माझ्याकडून वेगळे 3 टक्के घेतले, पॉलिसी मात्र कुठंच नव्हती. पॉलिसी विमा कंपनीची, तुमच्या नावाची, गाडी निघायच्या आधी हातात पाहिजे.

ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर तिथं समोरचा पहिला मुद्दा काढतो की हा व्यापारी, ग्राहक नाहीच. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या छोट्या धंद्याला कायद्यात सूट आहे, पण ती सिद्ध करत बसा. पोलीस स्टेशनला सांगितलं हे दिवाणी प्रकरण आहे. असं कसं? भारतीय न्याय संहितेच्या 316 कलमात माल नेणाऱ्याने विश्वासघात केला तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग माल अडवून पैसे मागितले, वस्तू गायब केली तर निदान तक्रार तरी लिहून घ्या ना.

आपल्या पेपरने आरटीओकडे हा विषय लावून धरावा, जिल्ह्यातल्या नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी मराठीत, फोन नंबरसकट, कोणालाही बघता येईल अशी लावायला सांगावं, ही कळकळीची विनंती. परवा नेटवर तीच जाहिरात परत दिसली, नाव नवीन, फोन नंबर तोच, आणि खाली लिहिलंय ऑफिस आणि फॅक्टरी शिफ्टिंग स्पेशालिस्ट.

आपला,
एक प्रेसवाला, नऱ्हे, पुणे